एकोणीस वर्षांची हाडं

“बाई, ही मुलगी मेलेली आहे.”

भुयार बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि खिडकीच्या गजांतून एक कागद माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, “जिभेले काही हाड हाये का तुमच्या? ही तुमच्या म्होरं उभी हाये ते कोण मंग?”

माझी नात अनुसया खरंच त्यांच्यासमोर उभी होती. कॉलेजची निळी साडी, छातीशी कागदांची फाईल. बारावीला सायन्सच्या विषयांत तालुक्यात तिच्यावर कोणी नव्हतं. मेडिकलचा फॉर्म भरून तयार होता. तो पोचवायची शेवटची तारीख शनिवार, आणि आम्ही तहसील कचेरीत उभ्या होतो तो मंगळवार. सन ऐंशीचा जून. एकच कागद राहिला होता, वयाचा आणि रहिवासाचा दाखला, तहसीलदाराच्या सहीचा.

“आजी, इचार नं त्यायले,” अनुसया म्हणाली, “मेलेल्याले मेडिकलमंधी घेत नाही काय? तथी त शिकाले मुडदेच लागते.”

“तू चूप बस.”

भुयार बाबू हसले नाहीत. त्यांनी कागदावर पेन ठेवला. “हे बघा. नगरपालिकेच्या जन्माच्या रजिस्टरात अनुसया त्र्यंबक दामधर, चौदा मार्च एकसष्ट. शाळेच्या दाखल्यावरही तेच. इथवर ठीक. पण जन्माच्या नोंदीपुढे लाल शाईचा शेरा आहे, मयत. म्हणून मी मृत्यूचं रजिस्टर काढायला लावलं. अनुसया त्र्यंबक दामधर, मृत्यू दोन एप्रिल त्रेसष्ट, वय दोन वर्षं, कारण घटसर्प. तोच बाप, तेच घर. आता तुम्हीच सांगा, दाखला कोणाच्या नावानं देऊ?”

अनुसयाने तो कागद माझ्या हातातून घेतला. मला वाचायला वेळ लागतो, मी दुसरीतून काढलेली. तिला लागत नाही. तिने एकदाच पाहिलं आणि माझ्याकडे वळली. थट्टा करणारं तोंड कुठे गेलं कोण जाणे.

“माह्याआधी कोणी होती काय वं आजी?”

आमच्या घरात सतरा वर्षांत ती गोष्ट कोणी बोललं नव्हतं. मी बोलू दिली नव्हती. मी तिच्याकडे पाठ केली. भुयार बाबूंना म्हटलं, “तुमच्या सायबाले भेटतो मी. डोकं आत बसलं हाये, त टोपीशी काय बोलाचं?”

नायब तहसीलदार माझ्या त्र्यंबकाच्या वयाचा होता. त्र्यंबक माझा एकुलता एक मुलगा, अनुसयाचा बाप. तोही आमच्यासोबत आला होता, पण आवारातल्या कडुनिंबाखाली बसून होता. त्याला कचेरीत घाम फुटतो.

साहेबाने कागद पाहिले आणि विचारलं, “हा काय प्रकार आहे?”

माझ्या डोक्यात काही नव्हतं. पण तोंड रिकामं राहिल्याचं मला आठवत नाही.

“जुळ्या होत्या, सायेब. एक गेली. घरात रडारड, कोतवाल नाव इचारू रायला, अन् कोणीतरी जितीचंच नाव सांगून देल्लं.”

“मग दुसरीच्या जन्माची नोंद कुठे आहे?”

“अशक्त होती. जगते का मरते त्याचा भरोसा नव्हता. कोणी केली नाही.”

“नाव काय होतं तिचं?”

“रेणुका,” मी म्हटलं.

ते नाव कुठून आलं मला माहीत नाही. आमच्या चार पिढ्यांत रेणुका नाही. अनुसया माझ्या बाजूला उभी होती. ते नाव ऐकलं आणि तिने आपला हात माझ्या दंडावरून काढून घेतला.

साहेबाने मेलेलीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाला, “आजीबाई, नुसत्या सांगण्यावर मी मेलेल्या मुलीला दाखला देऊ शकत नाही. तुम्ही शपथपत्र करा. आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून हिच्या वयाचा दाखला आणा. हाडांचा फोटो काढतात, त्यावरून वय कळतं. अठराच्या वर निघाली तर तुमची गोष्ट खरी धरतो. खाली निघाली तर दाखला नाही, आणि खोट्या शपथेबद्दल तुम्ही आत.”

“आत म्हणजे?”

“तुरुंगात.”

“तथी कोणाच्या हातचं जेवण भेटते?”

त्याने मान खाली घातली. हसला असावा. पण बाहेर येऊन त्र्यंबकाला हे सांगताना मी हसले नाही.

कारण अनुसया एकोणीस वर्षांची नव्हती. सोळा वर्षं आणि पाच महिन्यांची होती.

घरी पोचलो तेव्हा माझी सून इंदू ओसरीवर पानं निवडत बसली होती. आम्ही बारी. विड्याच्या पानाचे मळे हेच आमचं शेत आणि हाच आमचा देव. ओल्या गोणपाटावर पानांची रास, डागी पान एका बाजूला, चांगलं एका बाजूला. तिचा हात चालत होता. त्र्यंबकाने उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं.

“खरं सांगून टाकू, माय,” तो मला म्हणाला. “एक वरीस थांबंन पोरगी. पुढच्या साली भरंन फारम.”

“खरं काय सांगशीन? सांग बरं मले.”

“का आधीची मेली. ही दुसरी. हिचा जलम चौसष्टचा.”

“अन् मंग हिची शाळा कोणाच्या नावावर झाली? मॅट्रिक कोणी देल्ली? बारावीचा कागद कोणाचा? सारं खोटं ठरंन, तिच्या मार्कासकट. तुही एक वरीस काय घेऊन बसला!”

त्र्यंबक पायरीवर बसला. अनुसया खांबाला टेकून उभी होती. फॉर्मसोबत आलेलं नियमांचं पुस्तक काढून ती पाहू लागली.

“एकतीस डिसेंबरले सतरा पूर्ण पाह्यजे,” ती म्हणाली. “माहा खरा जलम कवाचा?”

“नऊ जानेवारी,” त्र्यंबक म्हणाला.

तिने बोटं मोजली. “म्हणजे नऊ दिवस कमी. नऊ दिवसांसाठी मी मेली.”

आता तुम्हाला वाटेल की मी मुद्दाम वय वाढवलं. नाही. पहिली अनुसया चैत्रात गेली, आणि नऊ महिन्यांनी, पौषात, दुसरी झाली. मी पोरीला पाहिलं आणि म्हटलं, तीच आली. तेच नाव ठेवलं. महिन्याभराने नगरपालिकेचा माणूस नोंद घ्यायला दारात उभा राहिला तर मी त्याला म्हटलं, “हिची नोंद हाये तुमच्याकडं. एका माणसाची दोनदा काहून लिहता?” तो पाणी पिऊन निघून गेला. पुढे शाळेत घालायच्या वेळेला मास्तराने जन्माचा कागद मागितला. पेटीत होता, तो मी दिला. पोर साडेचार वर्षांची, कागद सात वर्षांचा. मास्तर म्हणाला, अंगानं लहान दिसते. मी म्हटलं, अंग पाहू नका, पाढे इचारा. तिने बारापर्यंत म्हणून दाखवले. यात खोटं काय होतं? मेलेलं जर परत आलं तर त्याचे मधले दिवस कोण कापून घेतं?

असं मी स्वतःला सांगायचे.

अनुसया मेलेलीचा कागद परत वाचत होती.

“घटसर्प,” ती म्हणाली. “याचं इंजेक्शन असते, आजी. तवाही होतं. तिले दवाखान्यात नेलं नव्हतं काय?”

“नेलं होतं,” मी म्हटलं.

इंदूचा हात थांबला. तिने वर पाहिलं नाही. मग परत एक पान उचललं, उजेडात धरलं, आणि चांगल्यांत टाकलं.

“मी कोण हाओ मंग?” अनुसयाने विचारलं. “तिच्या जागी आली, तिच्या नावानं शिकली. अन् आज तू मले रेणुका म्हणून मारून आली.”

“मी तुले डॉक्टर कराले निंघाली हाओ. ज्या नावानं होशीन त्या नावानं हो.”

“हाडं सोळाचे निंघतीन, आजी. शाळेत शिकलो आमी. हाडाच्या टोकाले एक रेघ असते, वय झालं का बुजते. माही उघडी असंन. तू आत जाशीन अन् मी घरी बशीन.”

तेव्हा इंदू म्हणाली, पानांवरून नजर न काढता, जसं उद्या बाजार आहे असं सांगावं तसं:

“एकोणीसचेच निंघतीन.”

बुधवारी मी जिल्ह्याच्या दवाखान्यात एकटीच जाऊन आले. वयाचे दाखले देणारी डॉक्टरीण बाई कोण, कुठली, काय खाते, काय पिते ते पाहून ठेवावं म्हणून. डॉक्टर सरनाईक नाव, कोल्हापूरकडची. मी तिच्यापुढे शंभर कळीदार पानांची जुडी ठेवली. तिने ती पाहिली.

“आजी, मी पान खात नाही.”

“सासरे खात असतीन.”

“सासरे वारले. उद्या सकाळी दहाला मुलीला घेऊन या. आणि हे घेऊन जा.”

तिथेच मला कळलं की या बाईपुढे आपलं तोंड चालायचं नाही.

गुरुवारी आम्ही तिघी गेलो. फोटोच्या खोलीत काळे पडदे होते, बाहेर रणरणतं ऊन आणि आत गुहेसारखा गारवा. अनुसयाचं मनगट, कोपर, खांदा, कंबर, एकेक करून फोटो घेतले. प्रत्येक वेळी आतला माणूस ओरडायचा, “श्वास रोखा!” आणि मी बाहेर बाकावर बसून रोखायची. इंदू माझ्या बाजूला पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती. तिच्या तोंडावर काळजी म्हणून नव्हती. मला त्याचाच राग येत होता.

दीड तासाने बोलावलं. भिंतीवर दिव्याची पेटी होती, तिच्यावर काळे कागद लावलेले. त्या कागदांत माझ्या नातीची हाडं पांढरी दिसत होती. मी पुष्कळ मढी पाहिली आहेत, पण जित्या माणसाचा सांगाडा त्या माणसाच्या शेजारी उभं राहून पाहिला तो त्याच दिवशी.

डॉक्टरीण बाईने पट्टीने एकेक जागा दाखवली. “मनगट जुळलेलं. कोपर जुळलेलं. खांदा पूर्ण. कमरेच्या हाडाची ही वरची कडा बघा, तीही जवळजवळ जुळली.” तिने कागद ओढला आणि लिहायला लागली. “अठरा पूर्ण. एकोणीस म्हणायला माझी हरकत नाही.”

अनुसयाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आधी आनंद आला आणि मग तो अर्ध्यावरच थांबला.

मी हात जोडायला पाहिजे होते. पाया पडायला पाहिजे होतं. मला जे हवं होतं तेच ती बाई लिहीत होती. माझ्या तोंडून निघालं, “नीट पाहा, बाईसाहेब.”

तिने पेन थांबवला. “काय?”

“दुसऱ्या कोणाचा फोटू त नाही नं हा? अदलाबदल होते नं कवा कवा.”

“नंबर बघा, नाव बघा. आज सकाळपासून दुसरी मुलगी आलेलीच नाही.” तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुम्हाला कमी हवं होतं का वय?”

“नाही जी.”

“मग?”

अनुसया पुढे झाली. “मॅडम, यात चूक किती होऊ शकते? वर्षाची, दोन वर्षांची?”

“सहा महिने, वर्ष इकडेतिकडे. काही मुलींची हाडं लवकर जुळतात.”

“सोळाची असली तर अशी दिसते काय?”

डॉक्टरीण बाईने तिच्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग परत तिच्याकडे. पट्टी कमरेच्या त्या पांढऱ्या कडेवर ठेवली. “सोळाला ही रेघ उघडी असते. मी तरी बुजलेली पाहिलेली नाही.” पट्टी काढून म्हणाली, “हवं तर पुन्हा काढते.”

पुन्हा काढला. मीच आग्रह केला म्हणा. दुसऱ्या कागदावरही तेच.

इंदू दाराशी उभी होती. आत आलीसुद्धा नव्हती. डॉक्टरीण बाईने शिक्का मारून पाकीट दिलं तेव्हा तिने फक्त विचारलं, “झालं नं? मंग चाला. दोनची मोटर भेटंन.”

शुक्रवारी भुयार बाबूंनी शपथपत्र वाचून दाखवलं. मी, पंचफुलाबाई दामधर, शपथेवर सांगते की माझ्या मुलाला जुळ्या मुली झाल्या, पैकी रेणुका ही दोन एप्रिल त्रेसष्ट रोजी मयत झाली, आणि अनुसया हयात आहे. मी माझ्या हाताने सही केली. अंगठा मी देत नाही, मला चार अक्षरं येतात. सही करताना वाटलं, माझ्या नातीला सोळा वर्षांत स्वतःचं नाव कधी मिळालं नाही, मिळालं ते रेणुका, आणि तेही मेलेल्यांच्या वहीत. भुयार बाबूंनी लाल शाईवर काळी रेघ ओढली. शनिवारी त्र्यंबकाने फॉर्म नेऊन दिला.

आणि त्या दिवसापासून मी माझ्या नातीच्या बाजूला बसून जेवेनाशी झाले.

बोलले नाही कोणाला. पण तिने ताट वाढलं तर मी म्हणायची, ठेव तिथं. तिने डोक्याला तेल लावायला बसवलं तर म्हणायची, माझं मी लावते. तिलाही कळत होतं. एकदा तिने आपला हात उन्हात धरला, बोटं पसरली, आणि आरपार काही दिसतं का पाहत बसली. मी आतून पाहिलं आणि मागच्या मागे वळले. मी, जिच्या तोंडाला गल्ली भिते.

श्रावण लागला. एका दुपारी इंदू आणि मी पानमळ्यात वेली बांधत होतो. पानमळा बाहेरून नुसता ताट्यांचा कूड दिसतो. आत गेलं की वर गवताचा मांडव, दोन्ही बाजूंनी शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेली, आणि सगळा उजेड हिरवा. भर बारा वाजतासुद्धा आत सांजेसारखं असतं, पाणी ठिबकत असतं, आणि दोन हातांवरचं माणूस दिसत नाही. चपला बाहेर काढून जायचं आणि आत खोटं बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. म्हणून घरी जे निघालं नाही ते तिथे निघालं.

“इंदू,” मी म्हटलं, “मले तुले दोन गोष्टी सांगाच्या हायेत.”

“सांगा नं, आत्याबाई.”

“तिले दवाखान्यात न्याले पाह्यजे होतं. तू तीन दिवस माह्या पाया पडली. मी म्हटलं, गावाचे गळे मी चोळतो, माह्या नातीचा मले नाही चोळता येत? चौथ्या दिवशी बंडी जुपली तवा श्वास नव्हता.”

“मले माहीत हाये ते. मी होतो नं तथी.”

तिचा आवाज चढला नाही. मळ्याच्या आत तो आणखीच बारीक वाटला.

“दुसरी गोष्ट तुले माहीत नाही,” मी म्हटलं.

आमच्यात लहान पोर गेलं की पुरण्याआधी त्याच्या अंगावर काजळाचा एक ठिपका लावतात. पोर परत त्याच पोटी आलं तर त्याच जागी डाग घेऊन येतं आणि आईला ओळख पटते. पहिलीच्या डाव्या टाचेवर मी काजळ लावलं होतं. दुसरी झाली तेव्हा तिच्या टाचा दुधासारख्या स्वच्छ होत्या. आणि इंदू तिला हात लावेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दूध दाटून ताप चढला, पण पोरीला जवळ घेईना. तीन दिवस मी त्या पोरीला कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी तिचं रडणंही बंद झालं. तेव्हा मी बिब्बा तापवला, त्याचं तेल सुईच्या टोकावर घेतलं, आणि पोरीच्या डाव्या टाचेला लावलं. फोड आला, मग काळा डाग पडला. मी इंदूला दाखवला. पाहा, तीच हाये. इंदूने पोरगी ओढून पदराखाली घेतली. ते सोळा वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं. देवालाही नाही.

मी हे सगळं इंदूला सांगितलं. “ती तीच नव्हती, इंदू. मी केली तिले तीच. अन् आता तिची हाडं एकोणीसची निंघाली. मी कोणाले घरात घेतलं, मले समजत नाही.”

इंदूने वेलीची गाठ मारली. लव्हाळ्याचा दोर दाताने तोडला.

“बिब्ब्याचा फोड काय लपते, आत्याबाई? अख्ख्या खोलीत वास होता.”

“तुले माहीत होतं?”

“हो.”

“अन् तरी घेतलं तिले?”

“तुम्ही टाचेवर काजळ लावलं. मंग गुंडाळाले फडकं आणाले गेल्या. तवा म्या बी लावलं. उजव्या कानाच्या मांगं, केसाच्या आत. कोणाले दिसू नये तथी.” तिने पुढची वेल हातात घेतली. “हे पोट्टी झाली तवा सुईणीनं माह्या हातात देल्ली. म्या पहिले कानामांगं पाह्यलं.”

पुढे मी विचारलं नाही. सोळा वर्षं त्या पोरीचे केस मी विंचरले होते. उजव्या कानामागे तीळ आहे हे मला माहीत होतं. तीळ कोणालाही असतो.

“मंग तीन दिवस भिंतीकडं काहून पडली होती तू?” हातातली वेल मी सोडून दिली. “तीच हाये हे तुले समजलं होतं, त घ्यायची नं जवळ!”

इंदूने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

“भ्या वाटलं, आत्याबाई. म्या माह्या हातानं तिच्यावर माती लोटली होती. ते परत आली. तुमाले वाटते तसं नाही होत ते. आनंद नाही होत. ते माह्याकडं पाहे अन् रडेच ना. म्या म्हटलं, हे काय आलं माह्या कुशीत.” तिने हाताला लागलेला पानांचा चीक लुगड्याला पुसला. “मंग तुम्ही टाच जाळली. तवा ते रडली. जित्या लेकरासारखी रडली. तवा मी घेतली.”

त्याच वेळी कुडाबाहेरून हाक आली.

“आजी!”

अनुसयाचाच आवाज. आमच्या पानमळ्यात कोणाची भर दुपारी हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. जे माणूस नसतं त्याला दोनदाच हाक मारता येते, तिसरी त्याला जमत नाही, असं माझी सासू सांगायची. मी कधी पाळलं नाही. मी म्हणायची, भुताच्या बापाला माझ्याशी बोलायची हिंमत नाही.

त्या दुपारी मी ओ दिली नाही.

“आजी!”

दुसरी. आता जवळून. ताटीला हात लागल्याचा आवाज आला. इंदूनेही ओ दिली नाही. ती माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. मांडवातून पाणी ठिबकत होतं. मग बाहेर काहीच आवाज येईना. पाऊल नाही, बांगडी नाही. किती वेळ, सांगता येत नाही. मला सात लेकरं झाली, सहा गेली, पण तेवढा वेळ मी कोणासाठी थांबले नाही.

“ओ आजी! बहिऱ्या झाल्या काय दोघी? पत्र आलं! मेडिकलले नंबर लागला माहा!”

आम्ही दोघींनी एकदमच ओ दिली. इतक्या जोरात की कुडावरची पाखरं उडाली. अनुसया चपला भिरकावून आत धावली, पत्र तिच्या हातात भिजून गेलं होतं. मी तिला धरलं. तिच्या पाठीची हाडं माझ्या हाताला लागली आणि मी हात काढला नाही.

आता ती लेकरांची डॉक्टर आहे. तालुक्यात घटसर्पाने गेलेलं पोर मी कित्येक वर्षांत ऐकलं नाही. इंदू गेल्या साली वारली. अनुसया महिन्यातून एकदा मला भेटायला येते. दाराशी थांबते, आत येत नाही, आणि मला हाक मारते. पहिल्या दोन हाका हळू, मधे दम घेत. तिसरी मोठ्याने. तिसरीनंतर मी ओ देते, मग ती उंबरा ओलांडते.

मी तिला हे कधी शिकवलं नाही. आणि त्या दिवशी आम्ही दोन हाका का गप्प होतो, हे तिने मला कधी विचारलं नाही.